व्हाइट वॉल्थम एअरफील्डचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाउ, मेडनहेड आणि रेडिंगच्या पट्ट्यात आता बरीच मराठी घरं आहेत. ऊन पडलेल्या रविवारी डोक्यावरून टायगर मॉथसारखं एखादं जुनं दुपंखी विमान घरघरत गेलं की कोणीतरी विचारतंच, ‘हे येतं कुठून?’ ते बहुतेक वेळा व्हाइट वॉल्थमहून आलेलं असतं. या मैदानाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हाइट वॉल्थम नक्की कुठे आहे आणि तिथे काय चालतं?

बर्कशरमध्ये, मेडनहेडच्या नैर्ऋत्येला साधारण दोन मैलांवर. हीथ्रो तिथून पूर्वेला सुमारे २२ किलोमीटर आहे. मैदानाच्या उत्तर कडेने लंडन-ब्रिस्टल रेल्वेमार्ग जातो, त्यामुळे रेडिंगकडे जाताना उजेड असेल तर गाडीच्या खिडकीतूनही गवतावर उभी असलेली विमानं दिसतात. इथून प्रवासी विमानसेवा नाही. खासगी मालकीची छोटी विमानं, वेस्ट लंडन एअरो क्लब आणि त्याचं वैमानिक प्रशिक्षण, जुन्या विमानांची देखभाल असं सगळं इथे चालतं. तिन्ही धावपट्ट्या गवताच्या आहेत (प्रश्न १३). नागरी वापरातल्या गवती मैदानांमध्ये हे देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

२. सुरुवात १९२८ ची की १९३५ ची? दोन्ही सालं वाचायला मिळतात.

ही दोन सालं दोन वेगळ्या घटनांची आहेत. १९२८ मध्ये डी हॅविलंड कुटुंबाने इथली १९६ एकर कुरणाची जमीन विकत घेतली. तो जमिनीचा व्यवहार. १९३५ च्या नोव्हेंबरात तिथे डी हॅविलंड कंपनीने चालवायला घेतलेली हवाई दलाची वैमानिक प्रशिक्षण शाळा सुरू झाली. युद्धाची शक्यता दिसू लागल्यावर ब्रिटिश सरकारने खासगी कंपन्यांना कंत्राट देऊन राखीव वैमानिक तयार करायला सुरुवात केली होती. ही त्याच योजनेतली तेराव्या क्रमांकाची शाळा. मैदानाचं वय सांगायचं असेल तर मी १९२८ धरतो. विमानविद्येचं केंद्र म्हणून त्याचं आयुष्य मात्र खऱ्या अर्थाने १९३५ पासून सुरू होतं. १९३८ मध्ये ते सरकारने ताब्यात घेतलं.

३. डी हॅविलंड हे नाव भारतात ऐकलेलं आहे. काही संबंध आहे का?

थेट या मैदानाशी नाही, पण कंपनीशी आहे आणि तो आपल्या जवळचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते विमान होतं पस मॉथ, म्हणजे डी हॅविलंडचंच. जुहूचं मैदानही १९२८ चं. तेव्हा जगभरच्या फ्लाइंग क्लबांना परवडतील अशी हलकी विमानं ही कंपनी बनवत होती. लंडनजवळ काय आणि मुंबईत काय, शिकणारी मंडळी बऱ्याचदा मॉथ घराण्याच्याच विमानात बसायची.

४. दुसऱ्या महायुद्धात इथे नेमकं काय होतं?

एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए या संघटनेचं मुख्यालय. १९४० च्या सुरुवातीपासून ती १९४५ मध्ये विसर्जित होईपर्यंत. व्हाइट वॉल्थमचं नाव इतिहासात आहे ते मुख्यतः यामुळे.

एटीएचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड होतं. कारखान्यातून बाहेर पडलेलं विमान हवाई दलाच्या तळावर पोहोचवायचं, मोडकं विमान दुरुस्तीला न्यायचं, दुरुस्त झालेलं परत आणायचं. ही ने-आण नागरी वैमानिकांनी केली की लढणारे वैमानिक लढायला मोकळे राहतात, असा हिशेब. संघटनेचे प्रमुख होते जेरार्ड डर्लांजे. युद्ध संपेपर्यंत एटीएने १४७ प्रकारची तीन लाख नऊ हजारांहून जास्त विमानं पोहोचवली. या कामात संघटनेची १७० हून अधिक माणसं गेली.

मुख्यालयाबरोबरच पहिल्या क्रमांकाचं ‘फेरी पूल’, म्हणजे विमानं पोहोचवणाऱ्या वैमानिकांचं पथक, हेही इथेच होतं. सकाळी वैमानिकांच्या हातात त्या दिवसाच्या कामाची चिठ्ठी पडायची: कोणतं विमान, कुठून, कुठे. मग अॅन्सन किंवा फेअरचाइल्ड आर्गस हे ‘टॅक्सी’ विमान त्यांना आपापल्या कारखान्यावर सोडायचं आणि संध्याकाळी गोळा करून आणायचं. चार-पाच वैमानिक एका दिवसात देशाच्या चार-पाच कोपऱ्यांत जाऊन रात्री पुन्हा इथे परतायचे ते या टॅक्सीमुळेच.

५. हवाई दलाने नाकारलेले वैमानिक एटीएमध्ये होते, हे खरं का?

हो, आणि संघटनेचा पायाच तो होता. वय जास्त, नजर कमी, एखादा अवयव गमावलेला, अशी जी माणसं हवाई दलाच्या निकषात बसत नव्हती पण ज्यांना विमान उत्तम चालवता येत होतं, त्यांना एटीएने घेतलं. स्टुअर्ट कीथ-जॉप यांनी पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक डोळा गमावला होता. तरीही ते एटीएसाठी लढाऊ विमानं पोहोचवत असत. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जुनीपुराणी, फाटकी वैमानिक मंडळी’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं आणि ते लोक ते आवडीने मिरवत. ब्रिटनबाहेरूनही अनेक देशांतले स्त्री-पुरुष यात होते.

६. आधी कधी न बसलेलं विमान ते कसं उडवायचे?

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण एटीएची खरी हुशारी इथे दिसते.

पहिली गोष्ट, विमानांचे सहा वर्ग केलेले होते. पहिल्या वर्गात टायगर मॉथसारखी हलकी एकइंजिनी, दुसऱ्यात हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं, तिसऱ्यात साधी दुइंजिनी, चौथ्यात वेगवान दुइंजिनी, पाचव्यात चारइंजिनी बॉम्बर, सहाव्यात पाण्यावर उतरणारी उडती बोट. एका वर्गाचं प्रशिक्षण झालं की त्या वर्गातलं कुठलंही विमान चालवायला परवानगी. त्यामुळे एखाद्याच्या चिठ्ठीवर जन्मात न पाहिलेल्या विमानाचं नाव येणं अगदी नेहमीचं होतं.

दुसरी गोष्ट, ‘फेरी पायलट्स नोट्स’. तळहातापेक्षा थोडी मोठी, कडीत ओवलेली कार्डं. प्रत्येक विमानासाठी एक कार्ड. त्यावर उड्डाणाच्या वेळी इंजिन किती जोरात ठेवायचं, चाकं आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) कोणत्या वेगाला खाली घ्यायचे, उतरताना वेग किती, पेट्रोलच्या टाक्या कशा बदलायच्या, एवढंच. लढाईला लागणारी माहिती त्यात नसे, कारण यांना लढायचं नव्हतं. वैमानिक ते कार्ड विमानापाशी उभं राहून वाचायचा, कॉकपिटमध्ये बसून एकेक दांडा शोधायचा आणि निघायचा.

तिसरी गोष्ट, तपासायच्या भागांच्या इंग्रजी नावांची पाठ केलेली एक आद्याक्षरमाला: हायड्रॉलिक्स, ट्रिम, थ्रॉटलचं टेन्शन, मिक्श्चर, पिच, फ्युएल, फ्लॅप्स, गिल्स, जायरो. विमान कोणतंही असो, तपासणी याच क्रमाने. नवीन विमानात यातली एखादी वस्तू नसेल तर ती सोडून पुढे जायचं, पण क्रम मोडायचा नाही.

आणि हे सगळं रेडिओशिवाय. जमीन नजरेत ठेवून, नकाशा मांडीवर घेऊन, नदी-रेल्वे-रस्ते बघत. ढगांचा तळ ८०० फुटांच्या वर आणि दृश्यमानता २००० यार्ड असेल तरच निघायचं असा नियम होता. इंग्लंडची हवा माहीत असणाऱ्याला तो किती कमी आहे हे कळेल. ढगात शिरून फक्त उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण सुरुवातीला दिलंच जात नव्हतं. वैमानिकाने ढगाच्या खाली राहावं असा त्यामागचा विचार. हवा अचानक बिघडली की मात्र त्याचीच किंमत मोजावी लागायची. चारइंजिनी बॉम्बर न्यायलाही सहसा दोनच माणसं असत, एक वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर. लढाईत त्याच विमानात सात जण बसायचे.

७. स्पिटफायर उडवणाऱ्या बायका याच मैदानावरच्या का?

काही जणी, सगळ्या नाहीत. एटीएच्या पहिल्या आठ स्त्री-वैमानिक १ जानेवारी १९४० रोजी रुजू झाल्या त्या हर्टफर्डशरमधल्या हॅटफील्डला. पॉलीन गोअर त्यांच्या प्रमुख होत्या. सुरुवातीला त्यांना फक्त टायगर मॉथ दिलं जायचं, तेही उघड्या कॉकपिटचं, ऐन हिवाळ्यात हॅटफील्डहून थेट स्कॉटलंडपर्यंत. हरिकेन आणि स्पिटफायर हातात यायला १९४१ चा उन्हाळा उजाडला. पुढे हँबल आणि कॉसफर्ड इथली फेरी पूल संपूर्ण स्त्रियांची होती. व्हाइट वॉल्थमला स्त्री-पुरुष दोघंही होते आणि पुढच्या वर्गाचं प्रशिक्षण घ्यायला बऱ्याच जणी इथे येऊन गेल्या. संपूर्ण युद्धकाळात एटीएमध्ये साधारण १६८ स्त्री-वैमानिक होत्या.

पगाराचा मुद्दा नेहमी विचारला जातो. आधी स्त्रियांना पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी मिळायचं. १९४३ मध्ये पॉलीन गोअर यांच्या प्रयत्नांनी तो समान झाला. ब्रिटिश सरकारच्या अखत्यारीतल्या एखाद्या संघटनेने समान कामाला समान वेतन देण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. स्पिटफायरमधल्या छायाचित्रांपेक्षा हा निर्णय मला जास्त मोठा वाटतो.

लेटिस कर्टिस यांचं नाव मात्र या मैदानाशी दोनदा जोडलं जातं. एटीएत त्यांनी चारइंजिनी बॉम्बर चालवले आणि १९५३ मध्ये त्या फेअरी या विमान बनवणाऱ्या कंपनीत फ्लाइट डेव्हलपमेंट इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. फेअरीच्या चाचण्या तेव्हा इथेच चालत (प्रश्न ११).

८. एमी जॉन्सनचं शेवटचं उड्डाण इथूनच झालं का?

नाही. ती एटीएमध्ये होती म्हणून हा समज पसरला आहे. ५ जानेवारी १९४१ रोजी ती एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान घेऊन ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली होती. खराब हवेत वाट चुकून ती टेम्सच्या मुखाशी पॅराशूटने पाण्यात उतरली आणि तिथेच गेली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडणारी ही पहिली स्त्री. एटीएमध्ये मृत्यू आलेली पहिली स्त्री-वैमानिक मात्र ती नव्हे. जॉय डेव्हिसन त्याआधीच, जुलै १९४० मध्ये गेल्या होत्या.

९. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई लढाईत लढाऊ विमानं इथून झेपावली होती का?

नाही. हा लढाऊ तळ नव्हता. इथे प्रशिक्षण आणि विमानांची ने-आण होती. स्पिटफायर आणि हरिकेन इथे उतरत, पण पोहोचवण्याच्या वाटेवर. इथल्या युद्धकाळाचं महत्त्व वेगळं आहे (प्रश्न ४ आणि ६).

१०. युद्धानंतर हे हवाई दलाचं होतं की खासगी? आणि प्रिन्स फिलिप इथे काय करत होते?

काही काळ दोन्ही. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी एटीएचा झेंडा इथे शेवटचा उतरवला गेला. त्यानंतर हवाई दलाचं एक प्रशासकीय मुख्यालय इथे आलं. त्याला १९५० पासून होम कमांड म्हणत, आणि ते १९५९ मध्ये बंद झालं. विद्यापीठांतल्या आणि शाळांतल्या कॅडेटांना हवाई अनुभव देणारी पथकंही होती. त्यातलं कॅडेटांचं पथक १९७० च्या दशकात ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनला हललं. त्याच मैदानावर एका बाजूला फेअरी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला फ्लाइंग क्लब. एका गवतावर तीन संसार.

प्रिन्स फिलिप विमान चालवायला शिकले ते इथेच. नोव्हेंबर १९५२ मध्ये त्यांचे धडे सुरू झाले, विमान होतं चिपमंक हे शिकाऊ विमान. पुढच्या वर्षी त्यांना हवाई दलाचे विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला मिळाला. १९९७ मध्ये त्यांनी उड्डाण थांबवलं तोपर्यंत ५९ प्रकारच्या विमानांवर ५,९८६ तास झाले होते.

११. फेअरी कंपनी इथे का आली?

हीथ्रोमुळे. फेअरी एव्हिएशनचा कारखाना हेजला होता आणि चाचण्यांसाठी १९३० पासून हार्मंड्सवर्थजवळ कंपनीचं स्वतःच्या मालकीचं मैदान होतं. १९४४ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं. कारण हवाई दलाचं दिलं गेलं, प्रत्यक्षात तिथे आजचा हीथ्रो विमानतळ उभा राहिला. नुकसानभरपाईचा वाद १९६४ पर्यंत रेंगाळला. बेघर झालेली फेअरी आधी हेस्टनला गेली आणि १९४७ च्या सुमारास इथे स्थिरावली.

२८ जून १९४८ रोजी बेसिल आर्केल यांनी फेअरी जायरोडाइन इथे तीन किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात ताशी २०० किलोमीटर वेगाने नेलं. हेलिकॉप्टरसाठी तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

१२. रोटोडाइन म्हणजे काय आणि ते बंद का पडलं?

इथे घडलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात धाडसी यंत्र. ६ नोव्हेंबर १९५७ रोजी रॉन गेलाटली आणि जॉन मॉर्टन यांनी ते पहिल्यांदा याच मैदानावरून उचललं. कल्पना अशी होती की शहराच्या मधोमध हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठायचं आणि मग विमानासारखं वेगात जायचं, तेही चाळीसेक प्रवासी घेऊन.

रचना बघण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना आखूड पंख, प्रत्येक पंखाखाली नेपियर इलँड इंजिन आणि पुढे पंखा. डोक्यावर सुमारे २७ मीटर व्यासाचा चार पात्यांचा रोटर. उठताना आणि उतरताना इंजिनं दाबलेली हवा पात्यांच्या टोकांपर्यंत पाठवायची. तिथे इंधन मिसळून पेटवलं की ती टोकं जेटसारखी मागे झोत सोडून रोटर फिरवायची. वर गेल्यावर आणि पुरेसा वेग आला की टोकांवरची आग बंद. रोटर वाऱ्यावर आपोआप फिरत राहायचा, वजनाचा मोठा भाग पंख पेलायचे आणि पुढे ओढायचं काम बाजूचे पंखे करायचे. सरळ उठण्यापासून पुढच्या उड्डाणात जाण्याचा हा बदल पहिल्यांदा १० एप्रिल १९५८ रोजी जमला. ५ जानेवारी १९५९ रोजी त्याने १०० किलोमीटरच्या बंद मार्गावर ताशी ३०७ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच वर्षी ते पॅरिसच्या प्रदर्शनालाही उडत गेलं.

अडचण आवाजाची होती. पात्यांच्या टोकावरच्या जेटचा आवाज शहराच्या मध्यात चालण्यासारखा नव्हता. तो कमी करण्याची कामं चालू होती आणि त्यात प्रगतीही होत होती. पण १९६० मध्ये वेस्टलँडने फेअरीचा विमान विभाग घेतला, विमान कंपन्यांच्या पक्क्या ऑर्डरी आल्या नाहीत, सरकारचा पैसा आटला आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रकल्प रद्द झाला. एकमेव नमुना तोडला गेला. उरलेले काही भाग वेस्टन-सुपर-मेअरच्या हेलिकॉप्टर संग्रहालयात आहेत. माझ्या मते निव्वळ आवाजाला दोष देणं अपुरं आहे. गिऱ्हाईक वाट बघत होतं सरकारची आणि सरकार गिऱ्हाइकाची.

१३. इतका इतिहास असून धावपट्टी डांबरी का केली नाही?

गरज पडली नाही आणि ते बरंच झालं. टायगर मॉथसारख्या शेपटीखाली टेकू असलेल्या जुन्या विमानांना गवत मानवतं. चाकं बाजूला सरकली तरी गवत सोडून देतं, डांबर मात्र झटका देतं. शिवाय तीन पट्ट्या तीन दिशांना आहेत, म्हणजे वारा कुठूनही आला तरी समोरून घेता येतो. त्यांची नावं ०३/२१, ०७/२५ आणि ११/२९ अशी आहेत. तो चुंबकीय दिशेचा आकडा, शेवटचं शून्य काढून. ०७ म्हणजे साधारण ७० अंश.

तोटा पावसाळी हिवाळ्यात कळतो. जमीन भिजली की चाकं रुततात आणि पट्ट्या बंद ठेवाव्या लागतात.

१४. पश्चिम लंडनची बाकीची मैदानं गेली. हेच कसं टिकलं?

यादी खरंच मोठी आहे. हेस्टन १९४७ मध्ये बंद झालं आणि आज त्यातून एम-४ महामार्ग जातो. हॅनवर्थचं उड्डाण हीथ्रोच्या सावलीत संपलं. हॉकरने हरिकेन बांधलेलं लँगली कारखान्याखाली गेलं. फेअरीचं मैदान तर हीथ्रोच्या पोटातच आहे.

व्हाइट वॉल्थम थोडं जास्त पश्चिमेला आहे, हे एक कारण. दुसरं आणि मला महत्त्वाचं वाटणारं कारण मालकीचं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे मैदान विकायला निघालं तेव्हा ते इथे फ्लाइंग क्लब चालवणाऱ्यांनीच घेतलं. मैदान वापरणारा आणि मालक एकच असेल तर जमिनीचा भाव वाढल्यावर पहिला विचार घरं बांधण्याचा येत नाही.

१५. हीथ्रो इतका जवळ आहे, मग ही विमानं उडतात कशी?

कमी उंचीवर आणि ठरवून दिलेल्या हद्दीत. मैदान हीथ्रोभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्राच्या पश्चिम कडेशी आहे. त्यासाठी खास स्थानिक क्षेत्र आखलेलं आहे, त्यात उंचीची मर्यादा पाळायची. बाहेरून येणाऱ्या विमानाने आधी परवानगी घ्यायची आणि येताना ठरलेली वाट व उंची सोडायची नाही. आजूबाजूच्या गावांवरून उडू नये यासाठीही वाटा ठरलेल्या आहेत.

१६. बघायला कसं जायचं? तिथे संग्रहालय आहे का?

लंडनहून मेडनहेडपर्यंत एलिझाबेथ लाइन आहे, पुढे टॅक्सी किंवा सायकल. क्लबहाऊसच्या रेस्टॉरंटमध्ये बसून धावपट्टी बघता येते, मुलांना घेऊन जायला उत्तम. धावपट्टीच्या बाजूला परवानगीशिवाय जाऊ नका. फिरणारा पंखा दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगा.

मैदानावर संग्रहालय नाही. एटीएचं कायमचं प्रदर्शन आणि दस्तऐवज मेडनहेड गावातल्या हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. तिथे स्पिटफायरचा सिम्युलेटरही आहे.

१७. माझ्याकडे भारतातलं लायसन्स आहे. इथे एकट्याने उडता येईल का?

ते धरून चालू नका. लायसन्सचा प्रकार, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विमानाची नोंदणी यावर ते अवलंबून असतं. आधी ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीचे चालू नियम तपासा, मग क्लबशी बोला. परवानगी असली तरी क्लब आपल्या प्रशिक्षकाबरोबर उड्डाण करून बघतो, आणि इथली हवाई हद्द बघता (प्रश्न १५) ते योग्यच आहे. लायसन्स नसेल तर प्रशिक्षकाबरोबर एका धड्याचं उड्डाण करता येतं. त्यात थोडा वेळ दांडा तुमच्या हातात दिला जातो.

१८. घरातलं कोणी एटीएमध्ये होतं असं ऐकलंय, पण हवाई दलाच्या नोंदीत नाव सापडत नाही. का?

कारण एटीए हवाई दलाचा भाग नव्हती. ती नागरी संघटना होती आणि तिचा कारभार बीओएसी ही विमान कंपनी बघत असे. त्यामुळे हवाई दलाच्या सेवापुस्तकात नाव न मिळणं म्हणजे ऐकलेली गोष्ट खोटी असं नाही. शोध मेडनहेडच्या हेरिटेज सेंटरमधल्या एटीए दस्तऐवजांपासून सुरू करा. एक अपवाद लक्षात ठेवा: युद्धाच्या उत्तरार्धात काही माणसं हवाई दलातून एटीएत आली, त्यांची नोंद दोन्हीकडे असू शकते. शिवाय एटीएत वैमानिकांखेरीज इंजिनिअर, मेकॅनिक, हवामानवाले, चालक असे बरेच लोक होते, तेव्हा फक्त वैमानिकांची यादी बघून थांबू नका. स्त्रियांचा शोध घेताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं तपासा, युद्धाच्या काळात अनेकींची लग्नं झाली आणि नोंदी मधूनच बदलल्या.